पूर्वी बाप्तिस्मा झाला आहे का?

४ फेब्रुवारी

मावशी,

फोनवर तुला नुसता आवाज येतो, शब्द येत नाहीत, म्हणून हे पत्र. लाँड्रीतल्या बायका तुझं पाकीट आलं की म्हणतात, "आलं हिच्या प्रियकराचं." मी सांगते, "हो, साठीला आलाय आणि गुडघे दुखतात त्याचे."

बातमी अशी, की मी बाप्तिस्मा घेणार आहे. एकवीस एप्रिल, रविवार, सकाळच्या उपासनेत. दीड वर्ष मी मागच्या बाकावर बसते आहे. पाळकांनी एकदाही विचारलं नाही की बाई, पुढे कधी येणार. शेवटी मीच गेले. ते म्हणाले, "मला वाटलं तुम्हाला तिथला पंखा आवडतो."

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुझं तू ठरवशील असं मी म्हटलं होतं. ठरवलंस. मी बघायला येईन असं कधी म्हटलं नव्हतं." मग निवडून झालेली भाजी तिनं परत पहिल्यापासून निवडायला घेतली.

मोठ्या माणसाच्या बाप्तिस्म्यालाही एक साक्षीदार लागतो. मला जन्मापासून ओळखणारं, स्वतः विश्वासात असलेलं माणूस. असं माणूस मला एकच आहे. सोबत फॉर्म आहे. चारच रकाने: नाव, वय, आईवडील, आणि "पूर्वी बाप्तिस्मा झाला आहे का?" चौथ्यात "नाही" लिही, खाली सही कर आणि धाड. पाच मिनिटांचं काम आहे.

तुझी,
चिमटी

*

१७ फेब्रुवारी

चिमटे,

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. मधे गुडघा धरला होता, शिवाय कपाटं साफ करायला काढली. निवृत्त झाल्यापासून ही तिसरी वेळ. तीस वर्षं वॉर्डात यंत्रांच्या घंट्या ऐकून कान गेले, पण हात काही थांबायला तयार नाहीत. भांडी घासून झाली की पुन्हा घासते.

तू विचार करून ठरवलं असशीलच. तरी विचारते, बाप्तिस्मा म्हणजे काय असं तुला वाटतं? सगळे करतात म्हणून नको. पाळक भला माणूस आहे म्हणून तर मुळीच नको. भले पाळक बदलून जातात.

एकवीस तारीख फार जवळ नाही का? पुढच्या वर्षी घेतलास तर काही बिघडतं का? तुझी आईही तोवर निवळेल.

फॉर्म ठेवला आहे. स्वेटर विणायला घेतला होता तुझ्यासाठी, पण बाह्या लहान-मोठ्या झाल्या, उसवला. पुन्हा घालते टाके.

मावशी

*

२६ फेब्रुवारी

मावशी,

बाप्तिस्मा म्हणजे काय, असं तू मला विचारावंस? लहानपणी शाळेच्या सुट्टीत तुझ्याकडे यायचे तेव्हा मला शेजारी बसवून तूच प्रार्थना म्हणायचीस. आईला सांगू नकोस म्हणायचीस, ते वेगळं.

बरं, सांगते. तुला माहीत आहे मी दिवसभर डाग काढते. टेबलावर कपडा पसरायचा, वास घ्यायचा, बोटानं चाचपायचं, हा कशाचा डाग आहे ते ओळखायचं. सुरुवातीला मला वाटायचं, बाप्तिस्मा म्हणजे तेच. पापं धुऊन निघतात म्हणतात ना. मी पाळकांना विचारलं, "किती तापमानाला?" ते हसले, पण मला खरंच प्रश्न होता. कारण आमच्याकडे धुतलेला कोट पुढच्या आठवड्यात परत येतो, त्याच जागी तोच डाग घेऊन.

आता वाटतं, ते धुण्यासारखं कमी आहे आणि खुणेसारखं जास्त. आमच्याकडे दिवसाला हजारभर कपडे येतात. प्रत्येकाच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, आम्ही कापडाची एवढीशी चिठ्ठी शिवतो. तिच्यावर मालकाचा आकडा. कपडा कितीही मळू दे, फाटू दे, दुसऱ्याच्या गठ्ठ्यात जाऊ दे, चिठ्ठी बघितली की कळतं हा कुणाचा. बाबा गेल्यापासून आईची आणि माझी दोन वेगळी बिऱ्हाडं झाली, कामावरून येते आणि कुलूप उघडते. मला कुणाचं तरी असायचं आहे, मावशी. डाग राहिले तरी चालतील.

आणखी एक. आमच्या चर्चमध्ये कपाळावर पाणी घालतात किंवा कुंडात बुडवतात, दोन्ही चालतं. मी कुंड मागितलं. पाळक म्हणतात, पाण्याखाली जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर उठणं. पण मला त्यातलं एकच फार आवडतं. आपला बाप्तिस्मा आपल्याला देता येत नाही. दुसऱ्या कुणाचे तरी हात लागतात. आपण फक्त अंग सैल सोडायचं. मला ते कधी जमलेलं नाही.

पुढच्या वर्षी नाही. यंदाच. फॉर्म धाड.

चिमटी

*

९ मार्च

चिमटे,

तुझं पत्र फार चांगलं आहे. मी ते उशीखाली न ठेवता डब्यात ठेवलं, कारण उशीखाली असलं की सारखं काढून वाचते.

पण सही मी करू शकत नाही. कारण विचारू नकोस. साक्षीदार दुसरी कुणी बघ. मंडळीत कुणी पोक्त बाई असेलच.

स्वेटर पुन्हा उसवला.

मावशी

*

१५ मार्च

मावशी,

आईनं येणार नाही म्हटलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. तिचं ते ठरलेलं आहे, माझ्या जन्माआधीपासून. पण तू?

मी खूप विचार केला. तुला वाटत असेल, मी एकटी पडले म्हणून देवाकडे चालले. किंवा आईला, तुझ्या ताईला, दुखवायचं नाही म्हणून तू बाजूला राहते आहेस. तसं असेल तर तसं लिही. "कारण विचारू नकोस" हे तू पेशंटच्या नातेवाइकांना सांग, मला नको.

चार रकाने आहेत. नाव, वय, आईवडील आणि बाप्तिस्मा झाला आहे का. यातलं नेमकं काय तुला येत नाही?

येत नसेल तर कोरा फॉर्म परत पाठव.

*

२२ मार्च

चिमटे,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. दोनदा पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन परत आले. पेटीशेजारचा चांभार आता मला बघून मान हलवतो.

बसून वाच.

मला चौथा रकाना येत नाही. बाकी सगळ्यांना त्याचं उत्तर "नाही" असं पक्कं माहीत आहे. माहीत नसलेली जगात मी एकटीच.

तुझ्याआधी तीन वर्षं ताईला मुलगा झाला आणि एक दिवस जगून गेला, हे तू जाणतेस. पुढचं तुला कुणी सांगितलेलं नाही. तेव्हाच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसानं आम्हाला सांगितलं, पाणी न लागलेलं मूल आहे, त्याच्यासाठी प्रार्थना होणार नाही, कबरस्तानाच्या भिंतीकडेला पुरा. ताई अजून खाटेवर होती. तुझे बाबा आणि मी, दोघंच गेलो. बाबांच्या हातात एवढीशी पेटी. तिथे कुणी एक अक्षर बोललं नाही. मला प्रार्थना येत होती, चिमटे, तोंडपाठ. पण त्या माणसाच्या धाकानं मीसुद्धा बोलले नाही. फक्त फावड्याचा आवाज.

ताईला कळलं तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "ज्या देवाला माझं मूल ओळखायला पाणी लागतं, त्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही." तुझ्या वेळी दिवस गेले तेव्हा तिनं माझा हात धरून वचन घेतलं. "या बाळाला कुणी पाणी लावायचं नाही. मोठं होऊन त्याचं ते बघेल. तू नर्स आहेस, तू तिथे असशील. तूसुद्धा नाही." मी वचन दिलं.

तू साडेसहा महिन्यांची आलीस. नऊशे ग्रॅम. माझ्याच वॉर्डात, काचेच्या पेटीत. चिमटीत मावेल एवढी म्हणून तुझं नाव चिमटी पडलं. ताईला ताप होता, ती दोन मजले खाली. तुला हात लावायची तिला परवानगी नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी, पावणेतीनला, तुझा रंग उतरला. डॉक्टरांना बोलावणं गेलं होतं. ते येईपर्यंतच्या चार मिनिटांत तुझ्यापाशी मी एकटी होते.

आम्हाला नर्सिंगच्या शाळेत शिकवलं होतं, मूल हाती लागण्यासारखं नसेल आणि पाळक जवळ नसेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. पाणी हवं आणि तीन नावं हवीत. मला तेव्हा स्वर्ग आठवला नाही. खोटं कशाला सांगू, मला ती भिंत आठवली. तू त्या भिंतीपाशी मला नको होतीस.

ड्रॉपरमध्ये पाणी घेतलं. "मी तुला पित्याच्या," एक थेंब. "आणि पुत्राच्या," दुसरा. आणि तुझी छाती हलायची थांबली.

एका हातात ड्रॉपर, दुसऱ्या हाताशी श्वास द्यायचा फुगा. तिसरं नाव घ्यायला दोन सेकंद लागतात. मी ड्रॉपर टाकला आणि फुगा दाबायला लागले. तोंडानं आकडे मोजत होते, त्यात पवित्र आत्म्याचं नाव राहून गेलं. डॉक्टर आले तेव्हा तू पुन्हा गुलाबी होत होतीस.

मग मला ते वाक्य पुरं करता येईना. तू जगलीस, म्हणजे वचन पुन्हा लागू झालं. जिवंत मूल ताईचं होतं.

सत्तावीस वर्षं झाली. बहिणीला दिलेलं वचन मोडलं, देवाला दिलेलं वाक्य अर्धं टाकलं. दोन्हीकडे मी अर्धीच. आता तू म्हणतेस, चौथ्यात "नाही" लिही.

फॉर्म सोबत आहे. कोरा.

मावशी

*

१ एप्रिल

मावशी,

एका कोटावरचा डाग काढताना वाफ जास्त सोडली आणि कापडच जाळलं. मुकादम म्हणाली, "आज तुझं लक्ष कुठल्या गावाला गेलंय?" मी म्हटलं, "पेटीत."

राग आला होता. अजूनही थोडा आहे. मी दीड वर्ष स्वतःशी मिरवते आहे की हे माझं मी निवडलं, आई म्हणाली होती तसं. आणि त्याच्या आधीच तू येऊन दोन थेंब टाकून गेलेली. मग घरी येऊन मी तुला काय काय लिहिलं होतं ते आठवत बसले. आपला आपल्याला देता येत नाही, दुसऱ्याचे हात लागतात, असं लिहिणारी मीच. हात कुणाचे ते मला ठाऊक नव्हतं, एवढंच.

पाळकांकडे गेले. ते घराच्या पायऱ्यांवर बसून सायकलची ट्यूब घमेल्यात बुडवून पंक्चर शोधत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसले.

"पहिली दोन नावं घेतली, आणि तिसऱ्याच्या वेळी तुम्हाला श्वास दिला?"

"हो."

त्यांनी ट्यूब परत घमेल्यात बुडवली, बुडबुडे आले तिथे अंगठा ठेवला आणि म्हणाले, "पूर्ण झाला असं मला म्हणता येणार नाही. झालाच नाही असं म्हणवत नाही."

"मग मी आता काय करू? दोनदा तर देत नाहीत."

"नाही देत. एकदा शिवलेली चिठ्ठी परत शिवत नाहीत, तुमच्याच भाषेत. पण अशा वेळेसाठी जुनं वाक्य आहे. 'तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो.'"

"म्हणजे माझ्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या दिवशी मधेच 'तर' येणार?"

"येऊ दे की. शंका आपल्या बाजूला आहे. देवाच्या बाजूला नाही."

मग मी भावाचं विचारलं. ते ट्यूब बाजूला ठेवून उभे राहिले. म्हणाले, "पाणी आपल्यासाठी आहे. आपल्या डोळ्यांना दिसावं, अंगाला कळावं म्हणून. देवाला मूल ओळखायला ते लागत नाही. ज्यांनी तसं सांगितलं ते चुकले. त्यांच्या वतीनं माफी मागायला तुमच्या आईकडे केव्हा जाऊ?"

"ती दारातून परत पाठवेल."

"दारापर्यंत तरी जाईन."

तर ठरलं असं. एकवीसलाच, कुंडात, त्या "तर"सकट. साक्षीदार तूच. कोरा फॉर्म परत धाडते आहे. चौथ्या रकान्यात जे खरं आहे ते लिही, पाळकांना चालणार आहे.

पण आधी आईला सांगायचं. मी सांगणार नाही. वचन तू तिला दिलं होतंस. तिला न सांगता तू माझ्याजवळ उभी राहिलीस, तर त्या दिवशी माझं लक्ष पाण्याकडे नसेल, तुझ्या चेहऱ्याकडे असेल.

एक विचारू? तुला कधी वाटलं का, की फुग्याऐवजी नाव घ्यायला हवं होतं?

चिमटी

*

४ एप्रिल

चिमटे,

नाही. एकदाही नाही. म्हणून तर जीव थाऱ्यावर नसतो.

ताईला आजच लिहिते.

मावशी

*

४ एप्रिल

ताई,

सोबत एका पत्राची नक्कल आहे. चिमटीला लिहिलं होतं, पण ते आधी तुला लिहायला हवं होतं, सत्तावीस वर्षांपूर्वी.

वाचून तू मला घरात घेतलं नाहीस तरी मी समजेन. एवढंच लक्षात घे, तुझ्या पोरीनं हे काही माझ्या सांगण्यावरून ठरवलेलं नाही. तिला काहीच ठाऊक नव्हतं. तू म्हणाली होतीस तसंच झालं, तिचं तिनं बघितलं.

भिंतीपाशी मी गप्प उभी राहिले, त्याचीही माफी मागते. त्या दिवशी मी मोठ्यानं प्रार्थना म्हटली असती, तर कदाचित पुढचं काहीच घडलं नसतं.

छोटी

*

१२ एप्रिल

(कार्डावर)

छोटे,

पाणी गार होतं का? मला तिला हात लावू देत नव्हते.

ताई

*

१५ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड आलं. आठ दिवस मी दारातल्या प्रत्येक सायकलीच्या घंटीला उठत होते. म्हणजे ऐकू येत नाही मला, पण खिडकीतून दिसायची. पोस्टमन म्हणाला, "बाई, तुम्ही बसा, मी वर आणून देतो." मी ऐकलं नाही, खाली गेले, आणि जिन्यातच वाचलं.

गार नव्हतं, ताई. कोमट होतं.

उकळून निववलेल्या पाण्याची छोटी बाटली आम्ही तिथे ठेवायचो. त्या दिवशी सकाळपासून चिमटीची लक्षणं मला बरी दिसत नव्हती. दुपारी जेवून परत आल्या आल्या मी ती बाटली युनिफॉर्मच्या आत, काखेत धरली होती. त्या वेळी मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं की कशासाठी. एवढ्या लहान जिवाला गार थेंब लागला तर तो दचकतो, अंगातली ऊब जाते. ड्रॉपर भरल्यावर पहिला थेंब मी माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघितला, आई धाकट्या भावाला अंघोळ घालताना आपल्याला शिकवायची तसा. मग तिच्या कपाळावर. तिनं कपाळाला आठी घातली, अगदी तुझ्यासारखी. नंतर, ती परत श्वास घ्यायला लागल्यावर, कापसानं टिपून घेतलं. ओलं ठेवलं नाही.

तुला तिच्या अंगाला हात लावू देत नव्हते. आज लिहिते म्हणून सांगते, तो कापूस मी टाकला नव्हता. दुसऱ्या दिवशी खाली तुझ्याकडे आले, तुला ताप होता, तुझं कपाळ पुसलं. त्याच कापसानं. तू डोळे न उघडता विचारलंस, "कशी आहे?" मी म्हटलं, "आठ्या घालते." तू हसलीस. तुला आठवणार नाही.

फॉर्म आज भरला. चौथ्या रकान्यात लिहिलं: "नक्की सांगता येत नाही. पाणी मी लावलं होतं. दोन नावं घेतली होती." त्यावर तारीख घातली, वेळ घातली, वॉर्डातल्या कागदावर घालायची सवय आहे तशी. खाली सही केली. स्वेटरही झाला. बाह्या सारख्या आल्या आहेत.

एकवीसला सकाळी नऊला उपासना आहे. मी आदल्या दिवशीच चिमटीकडे जाते. तू येणार आहेस असं कार्डावर लिहिलेलं नाहीस, आणि मी विचारत नाही. पण पाण्याबद्दल विचारलंस, म्हणून आज पाळकांनाही एक पत्र टाकलं. लिहिलं, त्या दिवशी कुंडातलं पाणी जरा कोमट ठेवावं. ते म्हणतील, मोठ्या माणसांसाठी तशी पद्धत नाही, आणि एवढं मोठं कुंड तापवायचं कसं. म्हणून खाली एक ओळ वाढवली:

कृपा करून घागरभर गरम पाणी तरी ओता. मुलीची आई आली, तर ती आधी हात घालून बघेल.

छोटी